मधल्या माणसाची खाण

फेब्रुवारी २०१० मध्ये काँगोच्या सरकारी खाण कंपनीने, जेकामिनने, कटांगा प्रांतातल्या एका तांबे-कोबाल्ट प्रकल्पातला आपला निम्मा हिस्सा दीड कोटी डॉलरना विकला. प्रकल्पाचे नाव एसएमकेके. विकत घेणारी होती ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेली एमराल्ड स्टार नावाची कंपनी. खाणकामाचा अनुभव, यंत्रे, भूगर्भशास्त्रज्ञ यांपैकी काहीही तिच्याकडे नव्हते. प्रकल्पाचा उरलेला निम्मा हिस्सा ईएनआरसी या कझाकस्तानी मुळाच्या, लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या कंपनीकडे होता. सरकारने विकायला काढलेला हिस्सा पहिल्यांदा मागण्याचा हक्कही कराराने तिलाच दिलेला होता. तिने तो वापरला नाही. उलट, विक्री होण्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर २००९ मध्येच, तिने एमराल्ड स्टारला अडीच कोटी डॉलर देऊन ठेवले होते. ते होते हाच हिस्सा पुढे विकत घेण्याच्या हक्कापोटी, आणि तेव्हा तो हिस्सा एमराल्ड स्टारच्या हातात आलेलाही नव्हता. जून २०१० मध्ये आणखी पाच कोटी देऊन तिने ती कंपनीच घेऊन टाकली. जी वस्तू सरकारकडून थेट दीड कोटीला मिळाली असती, तिच्यासाठी साडेसात कोटी मोजले गेले आणि मधले सहा कोटी डॉलर एका बेटावरच्या खात्यात राहिले.

रस्ता होणार हे आधी कळलेला दलाल शेतकऱ्याकडून गुंठ्याच्या भावाने जमीन घेतो आणि कंपनीला चौरस फुटाच्या भावाने विकतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे विकणारे खुद्द सरकार होते आणि त्याला भाव ठाऊक होता.

एमराल्ड स्टार ही डॅन गर्टलर या इस्रायली हिरे व्यापाऱ्याशी जोडलेली कंपनी. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनलने २०१३ मध्ये अशा पाच व्यवहारांचा हिशेब मांडला. २०१० ते २०१२ या काळात काँगोने १६३ कोटी डॉलर किमतीचे हिस्से साडेसत्तावीस कोटींना विकले होते. तोटा १३६ कोटी डॉलरचा, म्हणजे देशाच्या आरोग्य आणि शिक्षण या दोन खात्यांच्या एका वर्षाच्या एकत्रित तरतुदीच्या जवळजवळ दुप्पट. ज्या देशात पाचवा वाढदिवस न पाहता जाणारी मुले जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांच्या यादीत वर होती, त्या देशाचा हा हिशेब आहे. पुढची सगळी कहाणी वाचताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवेत. कारण ती वकिलांच्या आणि लेखापालांच्या भाषेत घडते, आणि त्या भाषेत मुले दिसत नाहीत.

कटांग्याच्या जमिनीखाली काय आहे हे बेल्जियनांना शतकाहून आधी कळले होते. १९०६ मध्ये युनियन मिनिएर ही कंपनी स्थापन झाली आणि तिने या पठारावर खाणी, रेल्वे, शहरे उभी केली. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि अवघ्या अकरा दिवसांत कटांगा फुटून निघाला. खाणीचा पैसा त्या फुटीरांच्या मागे होता. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना जानेवारी १९६१ मध्ये याच कटांग्यात ठार केले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत तेव्हा भारतीय सैन्य होते. परमवीरचक्र मिळालेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया डिसेंबर १९६१ मध्ये कटांग्यातल्या एलिझाबेथव्हिलला पडले, आणि त्याच आठवड्यात भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी तिथल्याच कोल्वेझी या खाणीच्या शहराचा विमानतळ उद्ध्वस्त केला. त्याच महिन्यात गोवा मुक्तीच्या वेळी दाभोळीवर गेलेली विमानेही कॅनबेराच होती. गोव्याची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. कोल्वेझीची मात्र विरून गेली.

हुकूमशहा मोबुटूने १९६७ मध्ये युनियन मिनिएरचे राष्ट्रीयीकरण केले आणि पुढे तिचीच जेकामिन झाली. १९८० च्या दशकात ती वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे काढत होती. देशाच्या परकीय चलनाचा मोठा भाग तिच्यातून येई, शाळा-दवाखाने ती चालवी, आणि मोबुटूची माणसे तिच्यातूनच खात. यंत्रांची दुरुस्ती थांबली. १९९० मध्ये कामोटोची भुयारी खाण कोसळली. नंतर यादवी आणि युद्ध. नवे शतक उजाडले तेव्हा उत्पादन तीस हजार टनांच्या खाली गेले होते आणि कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत खनिजपट्ट्यांपैकी एकाची मालकी एका दिवाळखोर कंपनीकडे होती, आणि त्या कंपनीची सही राष्ट्राध्यक्षांच्या दालनातून होत असे. ज्याला त्या दालनात थेट जाता येई, त्याला खाणीची गरज उरत नव्हती.

गर्टलर १९९७ मध्ये राजधानी किन्शासात पोहोचला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. आजोबा मोशे श्निट्झर इस्रायलच्या हिरे बाजाराचे संस्थापक अध्यक्ष. मोबुटू नुकताच पळाला होता आणि नवा सत्ताधीश लोराँ काबिला याला युद्धासाठी पैसा हवा होता. २००० साली गर्टलरच्या कंपनीला देशातले सगळे हिरे विकत घेण्याची मक्तेदारी मिळाली. ठरलेली किंमत दोन कोटी डॉलर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढच्या वर्षी नोंदवले की प्रत्यक्षात तीस लाखच भरले गेले होते. जानेवारी २००१ मध्ये काबिलाचा त्याच्याच अंगरक्षकाने खून केला आणि एकोणतीस वर्षांचा मुलगा जोसेफ गादीवर आला. मक्तेदारी रद्द झाली, मैत्री मात्र वाढली. जोसेफचा सर्वांत विश्वासू माणूस ऑगस्टिन कटुंबा म्वांके हा कटांग्याचा माजी गव्हर्नर. कोणते मोठे पद त्याच्याकडे आहे यापेक्षा तो खोलीत आहे की नाही हे लोक बघत. फेब्रुवारी २०१२ मध्ये बुकावूच्या धावपट्टीवर विमान घसरून तो मेला. तोपर्यंत खाणींचे बहुतेक महत्त्वाचे व्यवहार त्याच्या हाताखालून गेले होते आणि गर्टलर त्याचा जवळचा मित्र होता.

या मैत्रीची किंमत काय होती, हे अमेरिकी न्यायालयातल्या एका कागदावर दिसते. ऑक-झिफ या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक कंपनीने २०१६ मध्ये ४१ कोटी २० लाख डॉलर भरून खटला मिटवला. तिच्या आफ्रिकेतल्या उपकंपनीने गुन्हा कबूल केला. त्या कबुलीजबाबात एका ‘काँगोतल्या भागीदारा’चे नाव झाकलेले आहे. तो इस्रायली व्यापारी आहे, आणि त्याने दहा वर्षांत काँगोच्या अधिकाऱ्यांना दहा कोटी डॉलरहून अधिक लाच दिली, असे त्यात म्हटले आहे. वर्णन कुणाचे आहे हे वृत्तपत्रांनी लगेच ओळखले. गर्टलरने कधीही काही चुकीचे केल्याचे मान्य केलेले नाही. त्याच्यावर कुठल्या फौजदारी न्यायालयात गुन्हा शाबीतही झालेला नाही, हे इथेच सांगून ठेवायला हवे. आपण युद्धाने पोळलेल्या देशात, कुणी येत नव्हते तेव्हा पैसा घातला, असे तो म्हणत आला आहे.

पण कोल्वेझीच्या गाळाची हकीकत पाहिली तर हे म्हणणे टिकत नाही. तिथल्या जुन्या कारखान्याने अनेक दशके तांबे काढून उरलेली मळी खोऱ्यांत सोडली. किंगाम्यांबोच्या ढिगात आणि मुसोनोई नदीच्या पात्रात मिळून सुमारे अकरा कोटी टन गाळ साठला. त्यात शेकडा दीडच्या आसपास तांबे होते आणि कोबाल्टही. भुयार खणायचे नाही, सुरुंग लावायचा नाही, नुसता उपसून धुवायचा. कॅनडाच्या फर्स्ट क्वांटमने तिथे कारखाना उभारायला घेतला होता आणि जागतिक बँकेची आयएफसी ही संस्थाही त्यात भागीदार होती. म्हणजे ‘कुणी येत नव्हते’ अशी स्थिती नव्हती. ऑगस्ट २००९ मध्ये सरकारने तो करार रद्द केला. जागेला टाळे लागले. जानेवारी २०१० मध्ये तोच गाळ गर्टलरशी जोडलेल्या कंपन्यांकडे गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईएनआरसीने त्यातली बहुसंख्य मालकी साडेसतरा कोटी डॉलरना घेतली. फर्स्ट क्वांटम न्यायालयात गेली. जानेवारी २०१२ मध्ये ईएनआरसीने १२५ कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले. ज्यांच्या नदीत ती मळी सोडली गेली होती, त्या मुसोनोईकाठच्या लोकांना या तडजोडीत स्थान नव्हते. कॅनडाच्या भागधारकांचे नुकसान भरून निघाले. लंडनच्या गंभीर गुन्हे कार्यालयाने ईएनआरसीची दहा वर्षे चौकशी केली आणि पुरेसा ग्राह्य पुरावा नाही म्हणून २०२३ मध्ये ती बंद केली. कंपनीने आरोप पहिल्यापासून नाकारले होते.

याच काळात दुसरा, याहून मोठा खेळाडू कोल्वेझीत शिरला. ग्लेनकोर. मार्क रिच या व्यापाऱ्याने १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुग गावात काढलेली ही पेढी. स्वतः रिच अमेरिकेचा फरारी होता. इराणमध्ये अमेरिकी ओलीस असताना त्या देशाचे तेल विकल्याचा आणि करचुकवेगिरीचा त्याच्यावर आरोप होता. १९९४ पर्यंत सहकाऱ्यांनी त्याला बाजूला करून नाव बदलले. मे २०११ मध्ये कंपनी लंडन आणि हाँगकाँगच्या बाजारात उतरली, तेव्हा तिचा विस्तार पाहून जगाला आश्चर्य वाटले. तेव्हाच्या तिच्या मूल्यात कोल्वेझीच्या खाणींचा वाटा मोठा होता.

२००८ च्या अखेरीस तांब्याचा भाव टनाला आठ हजार डॉलरवरून तीन हजारांवर घसरला आणि कटांगा मायनिंग ही कंपनी बुडायला आली. कामोटोची भुयारी खाण आणि केओव्ही ही प्रचंड उघडी खाण, दोन्ही तिच्याकडे. ग्लेनकोरने कर्ज देऊन ती ताब्यात घेतली. पण जेकामिनशी नवा करार व्हायचा होता आणि सरकार पदार्पणाची रक्कम म्हणून ५८ कोटी ५० लाख डॉलर मागत होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फुटलेल्या पॅराडाइज पेपर्समध्ये पुढचा भाग सापडला. वाटाघाटी करायला गर्टलरला नेमले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्लेनकोरने त्याच्या कंपनीला साडेचार कोटी डॉलर कर्ज दिले. त्या कर्जाच्या कागदात एक अट होती: काँगो सरकारशी करार तीन महिन्यांत झाला नाही तर कर्ज परत मागता येईल. शेवटी ठरलेली रक्कम चौदा कोटी निघाली. सरकारची मागणी ४४ कोटी ५० लाखांनी खाली आली होती. ग्लेनकोरने हे कर्ज व्यापारी अटींवर दिल्याचे सांगितले आणि सवलतीचा आरोप फेटाळला.

ती अट मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी ओळ वाटते. कर्जाची परतफेड साधारणपणे कर्ज घेणाऱ्याच्या धंद्यावर अवलंबून असते. इथे ती एका तिसऱ्याच्या, म्हणजे एका सार्वभौम सरकारच्या सहीवर अवलंबून होती. ती ओळ लिहिणाऱ्या वकिलाला आपण काय लिहितो आहोत हे कळत नसेल, असे मानणे कठीण आहे.

अमेरिकेने २१ डिसेंबर २०१७ रोजी गर्टलरला ग्लोबल मॅग्निट्स्की निर्बंधांच्या यादीत टाकले. त्याची संपत्ती काँगोतल्या कोट्यवधींच्या भ्रष्ट आणि अपारदर्शक खाण-तेल व्यवहारांतून आली आहे, असे अर्थखात्याने जाहीर केले आणि तोच १३६ कोटींचा आकडा सांगितला. या यादीत नाव आलेल्या माणसाला कुणी तुरुंगात टाकत नाही. त्याच्याशी कुठलाही अमेरिकी माणूस वा संस्था व्यवहार करू शकत नाही, एवढेच. पण जगात डॉलरमध्ये होणारा जवळजवळ प्रत्येक व्यवहार शेवटी न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी बँकेच्या वहीतून जातो. किन्शासातल्या कंपनीने किन्शासातल्याच दुसऱ्या कंपनीला बँकेमार्फत डॉलर पाठवले तरी ते अमेरिकेतून फिरून येतात. त्यामुळे या यादीतले नाव म्हणजे डॉलरचा दरवाजा बंद होणे. तांबे आणि कोबाल्ट डॉलरमध्येच विकले जातात, तेव्हा हा घाव वर्मी बसायला हवा होता.

तो तसा बसला नाही. कारण गर्टलरकडे तोवर मोठ्या खाणी फारशा उरल्या नव्हत्या. निर्बंधांच्या दहा महिने आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ग्लेनकोरने त्याचे मुटांडा खाणीतले आणि कटांगा मायनिंगमधले हिस्से ९६ कोटी डॉलरच्या मोलाने विकत घेतले होते. जुनी कर्जे वळती करून ५३ कोटी ४० लाख रोख दिले. त्याच्याकडे मुख्यतः राहिली ती रॉयल्टी. खाणीतून निघालेल्या मालाच्या विक्रीवर जेकामिनला ठरावीक टक्के मिळायचे. तो हक्कच जेकामिनने आधी त्याच्या कंपनीच्या नावे करून दिला होता. खाण चालो, तोट्यात जावो, भाव पडो, विक्री झाली की हिस्सा ठरलेला. त्यासाठी फावडेही उचलावे लागत नाही.

निर्बंध येताच ग्लेनकोरच्या खाणींनी हे पैसे थांबवले. एप्रिल २०१८ मध्ये गर्टलरच्या व्हेंतोरा या कंपनीने काँगोच्या न्यायालयातून जप्तीचे आदेश आणले. मुटांडाकडे मागणी साडेएकोणसत्तर कोटींची आणि कामोटो कंपनीकडे २२८ कोटींची. आदेश बजावले गेले असते तर जगातल्या सर्वांत मोठ्या कोबाल्ट खाणी थांबल्या असत्या. १५ जूनला ग्लेनकोरने तोडगा जाहीर केला. पैसे डॉलरऐवजी युरोत द्यायचे आणि त्या व्यवहारात एकाही अमेरिकी माणसाचा हात लागू द्यायचा नाही. संबंधित सरकारांशी बोलून हे ठरवल्याचे कंपनीने सांगितले. कायद्याच्या अक्षराला धक्का नव्हता. दोन आठवड्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याने काँगो, नायजेरिया आणि व्हेनेझुएलातल्या व्यवहारांचे कागद मागणारी नोटीस ग्लेनकोरला धाडली आणि शेअर कोसळला. पण युरो जात राहिले.

दुसरी वाट बँकेतून निघाली. आफ्रिलँड फर्स्ट बँकेच्या किन्शासा शाखेत ग्राडी कोको हे अंतर्गत लेखापरीक्षक होते. निर्बंधित माणसाशी जोडलेल्या वाटणाऱ्या खात्यांत रोकड येते आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी वरिष्ठांना कळवले. उत्तरादाखल धमक्या आल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी कुटुंबासह देश सोडून फ्रान्स गाठला. त्यांचे सहकारी नेव्ही मालेला हेही पुढे बाहेर पडले. त्यांनी नेलेल्या बँकेच्या नोंदींवरून ग्लोबल विटनेस आणि पीपीएलएएएफ या दोन संस्थांनी जुलै २०२० मध्ये अहवाल काढला. नव्या कंपन्या, नातलगांच्या आणि ओळखीच्यांच्या नावांची खाती, एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेला पैसा, असे एक जाळेच त्यात मांडले होते. गर्टलर आणि बँक या दोघांनीही तो खोटा आणि चोरलेल्या, फेरफार केलेल्या कागदांवर आधारलेला म्हटला.

पुढचे वाचून राग आवरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये किन्शासाच्या न्यायालयाने कोको आणि मालेला यांना त्यांच्या गैरहजेरीत देहदंडाची शिक्षा सुनावली. त्यांना हे कुणी कळवलेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघांनी स्वतःची ओळख जाहीर केली, त्यानंतर बँकेच्या वकिलाने पॅरिसच्या पत्रकार परिषदेत या शिक्षेचा उल्लेख केला, तेव्हा जगाला ते समजले. हिशेबतपासनिसाने हिशेब तपासला आणि त्याबद्दल मरणाची शिक्षा. काँगोच्या खाणींच्या पैशांत त्या सालापर्यंत कुणा मोठ्या माणसाला तिथे शिक्षा झाली नव्हती.

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी अर्थखात्यानेच त्या चित्राचा एक भाग स्वतःच्या यादीत लिहिला. गर्टलरच्या एका काँगोली सहकाऱ्याने जानेवारी ते जून २०१८ या काळात त्याच्याशी जोडलेल्या कंपन्यांच्या खात्यांत सोळा वेळा रोकड भरली होती. एकूण रक्कम एक कोटी दहा लाख ते एक कोटी पस्तीस लाख डॉलरच्या दरम्यान. त्याच माणसाने काही कंपन्यांचे पत्ते जिब्राल्टरहून काँगोत हलवले. यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. काँगोत बाजारहाटही डॉलरच्या नोटांत चालतो. नोटांच्या थैलीला न्यूयॉर्कच्या बँकेची वही लागत नाही. निर्बंधांचा सारा जोर ज्या एका जागी होता, ती जागा टाळून बाजूने पैसा गेला. आणि ज्यांच्यामुळे ही फट दिसली, ते दोघे तेव्हा देहदंड डोक्यावर घेऊन परदेशात बसले होते.

मधल्या काळात निर्बंध जवळजवळ उठलेही होते. १५ जानेवारी २०२१ रोजी, ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपायला पाच दिवस उरले असताना, अर्थखात्याने गर्टलरला गुपचूप परवाना दिला. गोठवलेला पैसा वर्षभर मोकळा झाला. त्याच्या बाजूने ॲलन डर्शोविट्झ यांच्यासारखे नामांकित वकील आणि एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री उभे होते. काँगोतल्या नागरी संघटनांना हे बातम्यांतून कळले. बायडन सरकारने ८ मार्चला परवाना मागे घेतला. सात आठवड्यांत किती पैसा कुठे गेला, हे जाहीर झालेले नाही.

२०२२ हे कबुल्यांचे वर्ष ठरले. २४ मे रोजी ग्लेनकोरने अमेरिका, ब्रिटन आणि ब्राझीलमध्ये गुन्हे मान्य केले. २००७ ते २०१८ या काळात नायजेरिया, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, इक्वेटोरियल गिनी, ब्राझील, व्हेनेझुएला आणि काँगो इथे मध्यस्थांमार्फत दहा कोटी डॉलरहून अधिक पैसा लाचेसाठी गेला, हे तिने स्वीकारले. एकट्या काँगोसाठी मध्यस्थांना दिलेले २ कोटी ७५ लाख होते, त्यातला काही भाग अधिकाऱ्यांसाठी. तपशील वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात कुठेही लपवाछपवीची घाई नाही. स्वित्झर्लंडच्या बार गावातल्या मुख्यालयात रोकड देणारी एक खिडकी होती आणि ती २०१६ पर्यंत चालू होती. आफ्रिकेत रोकड खासगी विमानाने जाई. पत्रव्यवहारात लाचेला ‘वर्तमानपत्रे’, ‘नियतकालिके’, ‘पाने’ असे शब्द होते. म्हणजे पगारपत्रक जसे ठरलेल्या नमुन्यात निघते, तशी लाच निघत होती. ती देणारी माणसे रात्री निवांत घरी जात असणार.

दंडांची बेरीज दीडशे कोटी डॉलरच्या घरात गेली. पण तो पैसा कुणाला मिळाला याचा माग घेतला तर या इतिहासाचा खरा आकार दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या सदर्क न्यायालयात नायजेरियाने भरपाईसाठी आपले म्हणणे मांडू द्या, अशी विनंती केली होती. ती नाकारली गेली. लाच जिथल्या लोकांच्या पैशातून वसूल व्हायची होती, तो देश न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरणात नव्हता. त्याआधी ऑक-झिफच्या खटल्यात आफ्रिको या कॅनडाच्या खाण कंपनीच्या जुन्या भागधारकांनी आपणच या लाचखोरीचे बळी आहोत असे सिद्ध केले आणि २०२० मध्ये साडेतेरा कोटी डॉलर मिळवले. त्यांच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची खाण खरोखर हिरावली गेली होती. पण ती खाण काँगोच्या जमिनीत होती आणि ती हिरावताना जे न्यायाधीश विकले गेले ते काँगोच्या नागरिकांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये स्विस महाभियोक्त्याने ग्लेनकोरला काँगोतल्या २०११ च्या व्यवहाराबद्दल दोषी धरले. भागीदाराने दिलेली लाच रोखण्यासाठी पुरेशी तजवीज केली नाही, हा ठपका. दंड वीस लाख फ्रँक आणि वसुली पंधरा कोटी डॉलर. स्विस कायद्यात अशी वसुली सरकारची असते. काँगोला ग्लेनकोरने डिसेंबर २०२२ मध्ये अठरा कोटी डॉलर देऊन २००७ ते २०१८ चे सगळे प्रकरण कायमचे मिटवले. अकरा वर्षांचे अठरा कोटी.

हे सगळे चालू असताना कोल्वेझीत काय होते? २०१४ मध्ये शहरातल्या कसुलो वस्तीत कोबाल्टचा काळा दगड सापडल्यावर लोकांनी आपल्याच घरांच्या जमिनी खणल्या. स्वयंपाकघरातून भुयारे खाली गेली. हाताने खणणारे हजारो लोक रात्री मोठ्या खाणींच्या कुंपणातून आत शिरत. जगातल्या कोबाल्टचा निम्म्याहून मोठा वाटा या पट्ट्यातून येतो. आपल्या खिशातल्या फोनच्या बॅटरीत तो असण्याची शक्यता मोठी आहे. २७ जून २०१९ रोजी ग्लेनकोरच्या केओव्ही खाणीच्या पायऱ्या ढासळल्या आणि गुपचूप शिरलेले ४३ जण गाडले गेले. सरकारने खाणीभोवती सैनिक उभे केले.

एका पोत्याला जो भाव मिळेल तो घेणाऱ्या त्या माणसाच्या आणि बेटावरच्या कंपनीच्या मध्ये कितीतरी कार्यालये आहेत, पण दगड एकच आहे. जेकामिनला जे १३६ कोटी मिळाले असते, त्यांतून किती शाळा झाल्या असत्या याचा हिशेब मांडण्याचा मोह होतो. ते पैसे जोसेफ काबिलाच्या सरकारने शाळांवरच खर्च केले असते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण चोरी होणारच होती म्हणून चोरीच्या मालाची पावती फाडणाऱ्या लंडन, झुग, न्यूयॉर्कच्या मंडळींची जबाबदारी कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१२ च्या अखेरीस काँगोचा कार्यक्रम थांबवला, तो जेकामिनने आणखी एका हिश्शाच्या विक्रीचे कागद पुरते उघड केले नाहीत म्हणून. म्हणजे कागद मागता येतात, आणि न दिल्यास किंमत मोजायला लावता येते, हे तेव्हाच ठाऊक होते. पैसा घालणाऱ्या बँकांनी आणि भागधारकांनी तेवढे केले असते तरी कटांग्याचा दशकभराचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला ठामपणे वाटते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी यांच्या सरकारने गर्टलरशी समझोता केला. काही खाणी आणि तेलपट्टे त्याने परत दिले. त्यांची किंमत दोनशे कोटी डॉलर असल्याचे सरकारने सांगितले आणि निर्बंध उठावेत म्हणून अमेरिकेकडे शब्द टाकायचे ठरले. कामोटो, मुटांडा आणि मेटाल्कोल या तीन ठिकाणच्या रॉयल्टी मात्र त्याच्याकडेच राहिल्या. मेटाल्कोल म्हणजे मुसोनोईकाठचा तोच अकरा कोटी टन गाळ, जो आता धुतला जातो आहे. ‘काँगो विकाऊ नाही’ या नावाने एकत्र आलेल्या तिथल्या संघटनांनी गर्टलरच्या व्यवहारांतून देशाचे आजवरचे आणि पुढे २०३९ पर्यंत होणारे नुकसान मिळून ३७० कोटी डॉलरवर जाते असे मोजले आहे. त्यांची मागणी सरळ आहे. तिन्ही ठिकाणची रॉयल्टी जेकामिनच्या खात्यात परत यावी, प्रत्येक कराराचा पूर्ण मजकूर छापला जावा, आणि कोको व मालेला यांच्यावरची शिक्षा रद्द व्हावी.